बाबांची अकराशे पुस्तकं: कपाटात ठेवू, देऊन टाकू, की आता फोनवर भागतं?

धोटा
अशोक चौकाच्या मागचं आमचं घर विकलं. दिवाळीआधी जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचंय. भांडी, अंथरुणं, आईची शिलाई मशीन, सगळ्याचं काहीतरी ठरलं. राहिली ती बाबांची पुस्तकं. परवा मोजली, अकराशे सात भरली.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. पगार झाला की आधी रेशन, मग पुस्तकं, असा नेम होता. गिरणी बंद पडल्यावर घेणं थांबलं, पण देणं थांबलं नाही. चाळीतलं कोणीही यायचं आणि पुस्तक घेऊन जायचं. बाबा एका लांबट वहीत नाव, तारीख आणि पुस्तकाचा नंबर लिहायचे. ती वहीही आहे.

भाऊ म्हणतो, "ताई, आता सगळं फोनवर मिळतं. तिथं हे कपाट ठेवलं तर दार उघडणार नाही." त्याचं चुकत नाही, त्यानं टेप धरून भिंत मोजली आहे. रद्दीवाल्यानं किलोला चौदा रुपये सांगितले. माझी मुलगी सोळाची आहे. ती खूप वाचते, पण सगळं फोनवर. तिला वाचक म्हणायचं नाही असं मला वाटत नाही.

म्हणून विचारते. या पुस्तकांचं काय करू? आणि छापील मराठी पुस्तकाला अजून वीस-पंचवीस वर्षांनी कोणी हात लावणार आहे का, की मी नुसत्या मायेपोटी कागद धरून बसले आहे? गोड सांगू नका, खरं सांगा.

कडकभाकरी
रद्दीत घालू नका ओ ताई. एवढंच आत्ता. बाकी रात्री लिहितो, अभ्यासिकेत बसलोय.

ई_शाई
सरळच लिहितो. नोकरीपायी तीन शहरांत तीन घरं बदलली, चारशे पुस्तकं दोनदा खोक्यांत भरली, दोनदा सोडवली. तिसऱ्या वेळी वाटून टाकली आणि ई-रीडर घेतला. त्यानंतर माझं वाचन वाढलं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: ई-रीडरचा पडदा फोनसारखा डोळ्यांत उजेड फेकत नाही. त्यावरची शाई बाहेरच्या उजेडात कागदासारखीच दिसते, म्हणून सोलापूर-पुणे गाडीत खिडकीशी बसून भर दुपारीही वाचता येतं. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी २०१६ च्या अखेरीला आली. ई साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य पुस्तकं देतं, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश तर सगळाच उघडा आहे. तुमच्या बाबांना पगारागणिक मोजकीच पुस्तकं मिळायची. तुमच्या मुलीला एका संध्याकाळी पन्नास मिळतात. हे चांगलंच झालं की!

अकराशे पुस्तकं म्हणजे तीनशे किलोच्या वर वजन. भाऊ बरोबर सांगतोय.

भुईकोट
तीनशे किलो गुणिले चौदा. चार-साडेचार हजार रुपये. तीस वर्षांच्या पगारांचे!

मंजुळा_मास्तरीण
मी ७४ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे सहा वर्षांपूर्वी छापील अक्षर सुटलं. भिंग घेऊन पाहिलं, दिवा जवळ ओढून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. वाचणं संपलं या विचारानं मी त्या वर्षी फार खचले होते. मग नातवानं टॅबवर अक्षर मोठं करून दिलं. जोंधळ्याएवढं अक्षर बोराएवढं झालं आणि मी पुन्हा वाचायला लागले. डोळे थकले की तेच पुस्तक यंत्र वाचून दाखवतं. आवाज जरा ठोकळ आहे, पण कळतं.

पुस्तकाचा वास, पानांचा स्पर्श असं कोणी लिहिलं की मला वाईट वाटतं. ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांच्यासाठी ते ठीक आहे. माझ्यासारख्यांना पडद्यानं वाचन परत दिलं. धोटाताई, तुम्ही काहीही ठरवा, पण पडद्याला हलकं समजू नका.

धोटा
मास्तरीणबाई, नमस्कार करते. बाबांना शेवटची दोन वर्षं दिसत नव्हतं. मी रोज रात्री वाचून दाखवायची, पण यंत्राचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर दुपारचाही त्यांचा वेळ गेला असता.

कंपोझिटर
मी चौदाव्या वर्षी छपाईचे खिळे जुळवायला लागलो. आमच्या छापखान्यात मराठी, कानडी आणि तेलुगू, तिन्हींच्या केसी, म्हणजे खिळ्यांचे खण, होत्या. लग्नपत्रिका तिन्ही भाषांत निघायच्या, सोलापूरच ते. मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं, तेही शिकलो. त्यामुळे मला दोन्ही बाजू हातानं माहीत आहेत.

एक घडलेली गोष्ट सांगतो. १९९७ ते २००७ या काळात मी साठ-पासष्ट पुस्तकं संगणकावर जुळवली. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत, आमच्यापर्यंत आलं नव्हतं. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, काम पेजमेकरमध्ये. सगळ्या फायली फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर जपून ठेवल्या होत्या. चार वर्षांपूर्वी एका दिवंगत लेखकाचा मुलगा आला, म्हणाला वडिलांची दुसरी आवृत्ती काढायची आहे, फाईल द्या. फ्लॉपी वाचणारं यंत्र शोधण्यात आठवडा गेला. ती उघडलीच नाही. सीडीवरची प्रत उघडली तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट कोणाकडेच नव्हता.

शेवटी काय केलं? एका वाचनालयातून त्याच पुस्तकाची छापील प्रत मिळवली, समोर ठेवली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाईप केलं. पंचवीस वर्षांत फाईल मेली. कागद होता म्हणून पुस्तक वाचलं.

भुईकोट
कंपोझिटरकाका, गोष्ट खरी असणारच, पण हा दोष त्या काळच्या फॉन्टचा. आज युनिकोडमध्ये लिहिलेलं उद्या कुठल्याही यंत्रावर उघडेल. आणि कागद अमर आहे असंही कोणी समजू नये. माझ्याकडे आजोबांची साठच्या दशकातली पुस्तकं आहेत. त्यांच्या स्वस्त कागदात आम्ल आहे, पान उलटलं की कोपरा हातात येतो. वाळवीनं एका पावसाळ्यात एक पूर्ण फळी खाल्ली. फाईलच्या दहा प्रती दहा ठिकाणी ठेवता येतात, कपाटाच्या नाही.

कंपोझिटर
मान्य. बांधणीचंही सांगतो, धोटाताईंना निवडताना कामाला येईल. पुस्तक मधोमध उघडून कण्याकडे बघा. आत दोरा दिसला तर ती जुजबंदी, ते पुस्तक अजून पन्नास वर्षं जाईल. दोरा नसेल, नुसत्या सरसावर पानं चिकटवलेली असतील, तर आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो सरस आधी मऊ पडतो, मग वाळून तडकतो आणि पानं सुटतात. अलीकडची बरीच पुस्तकं अशीच आहेत. पुस्तकाला भविष्य नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी ते कसं बांधतो हे बघावं.

बार्शीलाईट
मुद्दा टिकण्याचा आहेच, पण त्याहून मोठा मुद्दा मालकीचा आहे. २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, हे सगळं खरं. पण विकत घेतलेलं पुस्तक घरात येऊन कोणी उचलून नेलं असतं का? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं हलवायची सोयही गेली. आपण पैसे मोजतो ते वाचण्याच्या परवानगीचे.

ई_शाईंना माझा साधा प्रश्न. धोटाताईंच्या बाबांची ती लांबट वही ई-पुस्तकांवर चालली असती का?

ई_शाई
नसती. हे मानतो. माझ्या खात्यातलं पुस्तक मी शेजाऱ्याला देऊ शकत नाही, द्यायचं तर अख्खं यंत्र द्यावं लागतं. परदेशात सार्वजनिक वाचनालयं ई-पुस्तकं उसनी देतात. मराठी पुस्तकांसाठी तशी चालती सोय माझ्या पाहण्यात आलेली नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर पाच टक्के, हे मला आजही खटकतं.

पण एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. वहीत शेवटची नोंद कधीची आहे?

धोटा
आत्ता उठून बघितलं. ९ मार्च २००६. त्यानंतर कोणी आलं नाही.

अव्वाची_नात
तुमचा वाद वाचतेय. आमच्या घरचं सांगते. अव्वा पूर्व भागात पन्नास वर्षं बिड्या वळत होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बोलता दोन्ही यायचं, वाचता एकही नाही. मी तिसरीत गेल्यापासून दुपारी उंबऱ्यात बसून पेपर वाचून दाखवायची आणि आजूबाजूच्या चार बायका सुपं घेऊन यायच्या. हात बिडीच्या पानावर, कान माझ्याकडे. मी एखादी बातमी गाळली तर अव्वाला कळायचं.

मी नोकरीला गेले आणि ते बंद झालं. आता तिच्या फोनवर मराठी गोष्टींची बोलकी पुस्तकं लावून देते. बिड्या सुटल्यात, पण शेंगा फोडत ऐकते. सत्तर वर्षांत पुस्तक पहिल्यांदा तिचं एकटीचं झालं. छापील पुस्तक तिच्यासाठी कधी नव्हतंच, त्यामुळे ते जाणार की राहणार याची तिला काळजी नाही. आपण 'वाचक' म्हणतो तेव्हा तिला मोजतो का?

मंजुळा_मास्तरीण
मोजायलाच हवं. तुम्ही उंबऱ्यात बसून वाचलंत ते आमच्या शाळेत पाठांतर करून घेण्यापेक्षा मोठं काम होतं.

कडकभाकरी
आलो. थोडं अवांतर. आमच्या घरी दरवर्षी न चुकता एकच नवं छापील पुस्तक येतंय, दाते पंचांग. आपल्या सोलापूरचंच. शंभर वर्षांवर झाली त्याला. आजी म्हणतीय, फोनवरचं पंचांग बघायला फोन चार्ज लागतो, आणि चांगल्या कामाला बसताना फोन वाजला तर? खिळ्याला टांगलेलं असतंय, गल्लीतली माणसं मुहूर्त बघायला येतात, चहा होतो. पंचांग असेपर्यंत छपाई मरत नाही बघा.

पुण्यात_अडकलेला
पंचांगावरून आठवलं. २००६ चं साहित्य संमेलन आपल्या सोलापुरात झालं, तेव्हा मी सातवीत होतो. अध्यक्ष मारुती चितमपल्ली, आपल्याच गावचे. त्यांचं भाषण मला फारसं कळलं नव्हतं, पण पुस्तकांच्या गाळ्यांतली गर्दी पाहून मी हरखलो होतो. वडिलांनी दोनशे रुपये दिले होते. ते कसे खर्च करायचे याचा हिशोब मी तीन फेऱ्या मारून केला. पक्ष्यांवरचं एक पुस्तक घेतलं. आजही माझ्याकडे आहे. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले, त्या रात्री मी ते पुन्हा काढून बसलो होतो.

त्या वर्षात फोनवर वाचलेलं एक नाव विचारलंत तर मला सांगता येणार नाही. अर्थात २००६ मध्ये माझ्याकडे फोन नव्हता. पण गेल्या वर्षी फोनवर काय वाचलं तेही आठवत नाही.

रिकामी_फळी
मी थोडं कडू बोलणार आहे. इथल्या बहुतेकांच्या आठवणी लहानपणच्या आहेत. गेल्या बारा महिन्यांत किती छापील मराठी पुस्तकं विकत घेतली, तेवढंच प्रत्येकानं लिहावं. पाचशे प्रतींची आवृत्ती चार-चार वर्षं संपत नाही आणि आपण वासाबद्दल बोलतो. न वाचलेली पुस्तकं म्हणजे सामान. वडिलांची असली तरी. धोटाताई, घर माणसांसाठी ठेवा.

बार्शीलाईट
नऊ. त्यातली सात वाचली.

पुण्यात_अडकलेला
दोन. बोललात ते लागलं.

मंजुळा_मास्तरीण
अकरा विकत घेतली. नातवंडांना वाढदिवसाला.

कडकभाकरी
एकही नाही. पैसे नाहीत. पण मी वाचतोय छापीलच, आणि ते का, हे सांगायलाच आलो होतो, मगाशी पंचांगातच अडकलो.

मी एमपीएससीचा अभ्यास करालोय. आमच्या अभ्यासिकेत साठ पोरं-पोरी बसतो. दारात लाकडी कप्पे आहेत, आत जाताना फोन तिथं ठेवायचा. हा नियम मालकानं केलेला नाही, आम्हीच केला. सुरुवातीला सगळे पीडीएफवर वाचायचो. पान उघडलं की वरून मेसेज यायचा, मेसेजमधनं व्हिडिओ, एक तास गेला. ज्यांना परवडतंय ते पुस्तक घेतात, बाकीचे पीडीएफची झेरॉक्स काढून स्पायरल मारून घेतात. वीस-बावीस वर्षांची पोरं स्वतःच्या पैशानं पडद्यावरचं कागदावर आणालीत. का, तर कागदावर दुसरं काही येत नाही.

आणि जेवल्यावर अर्धा तास सुट्टी असती. तेव्हा अभ्यासाचं नको वाटतंय, फोन बाहेर. कोणीतरी एक जुनी कादंबरी ठेवलेली, ती फिरून फिरून कव्हर गेलं तिचं. एकच आहे. नंबर लावलेत पोरांनी.

दाखल_नोंद
कडकभाकरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धोटाताईंना दिवाळीआधी घर हलवायचं आहे. सगळी पुस्तकं उचलून एखाद्या वाचनालयाला देऊ नका. फार लोक चांगल्या मनानं असं करतात आणि मग खोकी जिन्याखाली पडून राहतात. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंद करायची, वर्गीकरण करायचं, कपाट द्यायचं, माणूस लागतो. त्यातली निम्मी तिथं आधीच असतात. यादी करा, ती वाचनालयाला दाखवा आणि त्यांना हवी तेवढीच द्या.

दुसरं, मोठ्या लेखकांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांची काळजी करू नका. त्या पुन्हा छापल्या जातात, ई-आवृत्त्याही येतात. काळजी करा ती पातळ, कव्हर नसलेल्या चोपड्यांची. गिरणी कामगारांच्या सभांची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली पुस्तिका, हिराचंद नेमचंद दोशींनी इथून काढलेल्या 'जैन बोधक'चा एखादा जुना अंक, १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉवर आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर गावातच छापलेलं काही. असं सापडलं तर त्याची कुठं दुसरी प्रत असेलच असं धरू नका. रद्दीत आधी तेच जातं, कारण ते पुस्तकासारखं दिसत नाही.

स्कॅन करण्याबद्दल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालं. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचं २०३७ च्या जानेवारीत होईल. हक्क असलेलं पुस्तक स्कॅन करून गावभर वाटू नका. आणि यंत्रानं मराठी अक्षर ओळखलं तरी जोडाक्षरं आणि रफार तपासावेच लागतात, जुन्या छपाईत तर फारच.

बाहेरगावी कोणाला पाठवायची असतील तर टपाल खात्याची पुस्तकांची जुनी सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं पहिलं. वही आधी स्कॅन करा. आज रात्रीच. पुस्तकांच्या इतर प्रती जगात कुठंतरी आहेत. गिरणीच्या चाळीत कोण काय वाचत होतं याची ती वही एकच आहे.

ई_शाई
दाखल_नोंद यांना मनापासून सहमत. वहीची पानं ताठ ठेवून, उजेडात, वरून, सावली न पडू देता काढा. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. अडलं तर मला सांगा, फायली नीट लावून देतो. एवढं तरी मला करू द्या.

रिकामी_फळी
वहीचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी सामान म्हणालो ते पुस्तकांना, वहीला नाही. ती जपा.

धोटा
पंधरा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

वही मुलीनं स्कॅन केली. मी पानं उलटत होते, ती फोन धरून होती. १९७९ पासूनच्या नोंदी आहेत. पहिली काही पानं झाल्यावर तीच थांबून नावं वाचायला लागली. एक बाई होत्या, त्यांच्या नावासमोर सव्वादोन वर्षांत सत्तेचाळीस पुस्तकं आहेत, मग एकदम नाव बंद. मुलगी म्हणाली, "आई, या कुठं गेल्या?" मला माहीत नव्हतं. त्या बाईंनी शेवटी नेलेलं पुस्तक आमच्याकडे परत आलेलं आहे. तिनं ते कपाटातून शोधून काढलं आणि आता वाचतेय. कागदावर. पहिलं प्रकरण कंटाळवाणं आहे म्हणाली, पण सोडलेलं नाही.

चोपड्यांचा गठ्ठा निघाला, अडतीस आहेत. त्यात गिरणीच्या संपाची पत्रकं आहेत आणि बाबांनी स्वतः शिवलेली एक भजनांची वही. दाखल_नोंद सर, त्या घेऊन तुम्हाला भेटायचं आहे. कंपोझिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे कणे तपासले. सुटलेल्या पानांची दोनशेच्या आसपास आहेत. ती मात्र जाऊ देणार आहे. रडले, पण ठरवलं. भावानं भिंतीत वर, दाराच्या चौकटीवरून आडवी फळी मारायचं कबूल केलंय. त्यावर दीडशे मावतील.

मास्तरीणबाई, आईला अक्षर मोठं करून दिलं. तिला आवडलं नाही, पण बोलकी पुस्तकं आवडली. अव्वाच्या नातीचे आभार.

उरली सव्वासातशेच्या आसपास. कडकभाकरी, तुमच्या अभ्यासिकेत जागा आहे का? कपाटासकट देते.

कडकभाकरी
ताई, मालकाला विचारलं. फोनच्या कप्प्यांशेजारची भिंत मोकळी आहे, तिथं ठेवा म्हणाला. पण एक अट घातली, कोण नेतोय ते लिहून ठेवायचं. नवी वही आणू का?

धोटा
आणू नका. तीच वापरा. स्कॅन झालेली आहे, आणि मागची चाळीस पानं कोरी आहेत.

दाखल_नोंद
मूळ वही रोजच्या वापरात द्यायची नसते, हे ग्रंथपाल म्हणून सांगणं माझं काम आहे. पण बाबांची आहे, तुम्ही ठरवा.

धोटा
ठरवलं, सर.

कडकभाकरी
मग रविवारी सकाळी नऊला टेम्पो घेऊन येतो. आठ पोरं आहेत सोबत. तुमची गल्ली अरुंद असली तर चौकातच लावतो, डोक्यावर आणतो पेट्या.

धोटा
गल्लीत टेम्पो येतो. नाष्टा करून येऊ नका.